खूणगाठ

जन्मली तेव्हा कोळशासारखी काळी होती.
मग दर हिवाळ्यात थोडी थोडी फिकी होत गेली.
सहाव्या वर्षी सासऱ्यांनी नाव बदललं : कोगुच्कन,
म्हणजे पारवा.
आता सतरावं चालू आहे आणि ती पांढरी,
अर्सलानबोबच्या उतारावर मे महिन्यापर्यंत टिकणाऱ्या बर्फासारखी,
थोडी मळकट.

अंगातला काळा कुठे गेला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरात अक्रोडांची पोती उतरवून
खरारा करताना हात अडला.
खोगिराच्या जागी, कण्याच्या डावीकडे,
मटाराएवढं काहीतरी.
दाबलं. ती गवत चावत राहिली.
सरकवलं, तर कातडीबरोबर सरकलं.
वरचे केस शाबूत. कढत नाही, ओल नाही.

शेजारचे साग्यनबाबा म्हणाले, डागून टाक.
तापल्या सळईचा उपाय त्यांच्याकडे तयारच असतो,
घोड्यालाही, स्वतःच्या गुडघ्यालाही.
नवरा म्हणाला, मोरचूद लाव.
मी दोघांना चहा दिला
आणि बाझार-कोर्गोनला फोन केला.

गुलझात आली. रबरी बूट, वरचं बटण तुटलेला कोट.
तिनं डोळे मिटून घोडी पाहिली.
मानेपासून निघालेली बोटं
खांद्यावरून, बरगड्यांवरून, पोटाखालून,
अंधारात घरभर चालणाऱ्या माणसासारखी
सावकाश फिरली.

"ही खोगिराची. नमदा झिजलाय, इथे बोचतो.
पिळू नकोस. नमदा बदल."
आणि जूनमध्ये एका रात्रीत अंगभर उठल्या होत्या त्या?
"किती राहिल्या?"
दुपारपर्यंत.
"काहीतरी चावलं असेल, काहीतरी खाल्लं असेल.
गेलेल्या गांध्यांना मी औषध देत नाही."

मग तिनं शेपूट उचललं.

तिथे, जिथे केस नसतात,
चार बसल्या होत्या, काळ्या, तुकतुकीत,
जणू कुणी द्राक्षं लपवून ठेवलीत.
एवढी वर्षं रोज खरारा केला मी,
शेपटाच्या वरून.

गुलझात हात धूत राहिली, पाणी संपेपर्यंत.
"काळ्याच्या पांढऱ्या होणाऱ्यांना हे होतं गं, उतारवयात.
कापता येतं. कापून चिडलेल्याही पाहिल्यात मी,
आणि न कापता दहा वर्षं झोपून राहिलेल्याही.
लीद नीट पडते? मग तोवर नुसती मापत राहा."

मी स्वेटरचा लाल दोरा उसवला.
सगळ्यात मोठीभोवती फिरवला,
टोक जिथे भिडलं तिथे गाठ मारली.
महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा.
नोव्हेंबर. डिसेंबर, अगदी त्याला खेटून.
जानेवारीत बोटं गारठली, माप चुकलं असेल.
मार्चची गाठ गव्हाच्या दाण्याएवढी पुढे.

एप्रिलात नवरा म्हणाला, बाजार.
म्हणाला, शेपूट विंचर, वेणी घाल, खाली सोड.
मी घातली. चांगली घातली.

उझगेनचा तोख्तासिन नावाचा माणूस आला.
दात पाहिले, खूर उचलले, दोनदा पळवून आणली.
पाठीवर हात फिरवून म्हणाला, स्वच्छ आहे.
नोटा मोजायला लागला, थुंकी लावून.
माझा हात खिशात, दोऱ्यावर.
तो अकरापर्यंत पोचला असेल
तेव्हा मी वेणी धरून शेपूट वर केलं.

तो वाकला, पाहिलं, नोटा आत ठेवल्या.
"रहमत," म्हणाला, मला, नवऱ्याला नाही.

परतीच्या वाटेवर तीन चढ नवरा बोलला नाही.
चौथ्यावर थांबला, खोगीर सैल केलं,
नव्या नमद्याखाली हात घातला
आणि बराच वेळ तिथेच ठेवला.
"ही बसलीय," म्हणाला.
मी हो म्हटलं नाही. घोडीनं शेपूट झटकलं,
वेणी सुटली.

दोरा दारामागच्या खिळ्याला आहे.
उद्या एक तारीख.